मैमूनाबीचे हात दमले तेव्हा

मैमूनाबीचे यजमान इस्माईलभाई शाळेत कधी येत नसत. आकुर्डीतलं त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान आमच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर, पण शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकायला त्यांना संकोच वाटायचा. म्हणून थंडीतल्या त्या सकाळी, चौथीचा वर्ग घेत असताना खिडकीतून ते फाटकाशी उभे दिसले तेव्हा मी हातातला खडू खाली ठेवला आणि बाहेर गेले. डोक्याला रुमाल बांधलेला, एक हात सायकलच्या सीटवर. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "बाई, सुटली ती. सकाळी चमच्यानं चहा दिला, त्यो घोट तोंडातच ऱ्हायला…" मुख्याध्यापकांना सांगून मी तशीच त्यांच्या मागोमाग निघाले.

घरात बायका जमल्या होत्या. मैमूनाबीला आंघोळ घालून झाली होती. तिची मुलगी शहनाज भिंतीला टेकून बसली होती. कोणीतरी मला आत बोलावलं, म्हणालं, तोंड बघून घ्या. चेहरा तसा शांत होता. शेवटच्या वर्षात जबडा लोंबून तो चेहरा ओळखू येईनासा झाला होता, तो आता पुन्हा तिचा वाटत होता. पण मी बघत होते तिचे हात. ते कफनाच्या आत गेले होते. सतरा वर्षांच्या ओळखीत मी सगळ्यात जास्त काय पाहिलं असेल तर या बाईचे हात, आणि शेवटच्या दिवशी नेमके तेच दिसायचे राहिले.

मैमूनाबी बांगड्या भरायची. मणियाराच्या घरातली लेक आणि मणियाराच्याच घरात सून. नवऱ्यानं पिढीजात धंदा सोडून सायकलींचं दुकान टाकलं, तरी तिनं डोक्यावरची टोपली सोडली नाही. मी चौसष्ट साली लग्न होऊन उस्मानाबादकडून इथे आले. माझे यजमान नव्यानं उभ्या राहिलेल्या स्कूटरच्या कारखान्यात लागले होते. आजूबाजूला नुसता मुरुमाचा उजाड माळ, त्यावर पत्र्याच्या शेड उठत होत्या, आणि दुपारभर सुरुंगांचे आवाज. ओळखीचं माणूस नाही. अशा एका दुपारी दारात हाक आली आणि ही उंच, रुंद खांद्यांची बाई टोपली उतरवून ओट्यावर बसलीसुद्धा. मी म्हटलं, मला नकोत बांगड्या. ती म्हणाली, "नका घिऊ. हात तरी दावा." हात तिच्या हातात गेला आणि ती बोलायला लागली… गाव कोणतं, सासू कशी आहे, इथलं पाणी पोटाला बाधतं का. मी उत्तरं देत होते आणि तेवढ्यात हिरव्या बांगड्या मनगटावर खळखळल्या. कधी अंगठा तळव्यात दुमडला, कधी तिनं बोटांच्या मुळाशी दाबून हात निमुळता केला, मला कळलंच नाही. माझ्या माहेरचा कासार बांगड्या भरायचा तेव्हा मी लहानपणी किंचाळून घर डोक्यावर घ्यायची. इथे नुसती ऊब जाणवली होती.

तेव्हापासून आमचं जमलं. ती मला "बाई" म्हणायची, कारण पुढच्याच वर्षी मला शाळेत नोकरी लागली. मी तिला सगळं गाव म्हणायचं तसं "बी" म्हणत असे. वयानं ती माझ्यापेक्षा पंचवीसेक वर्षांनी मोठी. माझी दोन्ही बाळंतपणं इथेच झाली आणि माहेरचं कोणी वेळेवर पोचू शकलं नाही, तेव्हा माझ्या उशाशी ती होती. कारखाने वाढत गेले तशी माणसं कुठून कुठून येत गेली. कोकणातली, नगरकडची, आमच्या मराठवाड्यातली. प्रत्येकाच्या चुड्याची रीत वेगळी. कोणाकडे मधे लाल बांगडी लागते, कोणाकडे काळी चालत नाही, हे सगळं तिच्या डोक्यात. चिखलीपासून कुरुळीपर्यंतच्या लग्नघरांतून तिला बोलावणं असायचं. नवरीला चुडा मैमूनाबीच भरणार हे ठरलेलं. दिवसभर बायकांचे हात दाबून ती संध्याकाळी घरी यायची आणि पाटा-वरवंट्यावर मसाला वाटायची. ते हात दमू शकतात, असा विचार कोणाच्या मनात आला नव्हता.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात तो थकवा पहिल्यांदा आला. तिनं साठी ओलांडली होती. आमच्या ओट्यावर बायकांचा घोळका होता. चौथ्या-पाचव्या बाईला बांगड्या भरताना ती मधेच थांबली, उजवा हात झटकला, मांडीवर ठेवून दिला. "जरा दमलाय," म्हणाली. बायका हसल्या. एकीनं म्हटलं, वय झालं बी. तिनंही मान डोलावली. नंतर असं वरचेवर व्हायला लागलं. सकाळचा हात निराळा असायचा आणि दुपारचा निराळा. सकाळी पहिल्या दोघी-तिघींना ती पूर्वीसारखीच भरायची. मग अंगठ्यातली पकड सुटायची. झोपेत पोटऱ्यांत गोळे यायचे. वय झालं की माणूस दमतं, हे इतकं सरधोपट आहे की त्यावर कोणी दुसरा विचार करत नाही. आम्हीही केला नाही.

मग शैलाचं लग्न आलं. शैला चिखलीतल्या एका मोठ्या, मानाच्या घरातली. मामाकडे राहून माझ्या वर्गात शिकलेली, म्हणून मलाही आमंत्रण होतं. चुड्याची वेळ दुपारची काढली होती, त्यामुळे आधी घरातल्या साऱ्या बायकांनी बांगड्या भरून घेतल्या. शैला हळदीच्या अंगानं पाटावर येऊन बसली तोवर मैमूनाबीच्या कपाळावर घाम आला होता. तिनं शैलाचा हात घेतला, नेहमीसारखी बोलायला लागली. बांगडी बोटांवरून आत गेली, मुठीच्या हाडांशी येऊन अडकली. मी समोरच बसले होते. तिचा अंगठा दाब देताना थरथरला आणि सुटला. ती दुसऱ्या हातानं रेटायला गेली आणि काच तुटली. "वाढली," कोणीतरी हळूच म्हणालं. बांगडी तुटली म्हणू नये, म्हणून वाढली म्हणायचं. मैमूनाबी हसली, "काच कच्ची असंल," म्हणत तिनं दुसरी घेतली. तीही तिथेच आली आणि तुटली. या वेळी काच रुतली. हळदीच्या पिवळ्या हातावरून रक्त ओघळून पाटावर पडलं.

शैलाची आत्या पुढे आली. "मैमूनाबी, ऱ्हाऊ द्या आता."

"न्हाई वहिनी, भरते की मी. हात दमलाय जरा. घटकाभर थांबा."

"पोरीच्या हातातनं रगत निघतंय आन् तुमी थांबा म्हणताय? उठा."

शैला म्हणत होती, भरू दे त्यांनाच, मला काही लागलं नाही. पण तिचं कोणी ऐकलं नाही. चिंचवडहून दुसऱ्या बाईला आणायला गाडी गेली. मैमूनाबी खाली बसून फुटक्या काचा एकेक वेचत राहिली, त्या पदरात घेतल्या आणि टोपली उचलायला गेली, तर ती तिला उचलवेना. टोपलीची एक बाजू मी धरली. बाहेर रस्त्यावर एसटीची वाट बघत आम्ही उभ्या होतो. तिनं डाव्या मुठीत उजवा अंगठा घट्ट धरला होता. ती म्हणाली, "बाई, हातात बळ न्हाई आसं न्हाई. मी सांगितलेलं त्यो ऐकत न्हाई. पयल्या दोन बायांपातूर ऐकतो… मग न्हाई."

शैलाचं पुढे सगळं नीट झालं. नवरा चांगला निघाला, घर चांगलं निघालं. पण ते कोणी ध्यानात घेतलं नाही. लक्षात राहिलं ते पाटावर पडलेलं रक्त. नवरीच्या हातात लागोपाठ दोन बांगड्या वाढवल्या, एवढं वाक्य चिखलीतून निघालं आणि गावोगाव फिरलं. लग्नघरांची बोलावणी थांबली. रोजच्या बायकाही दार अर्धं उघडून "आज नको" म्हणू लागल्या. ज्या ओट्यांवर ती न विचारता बसायची, तिथे तिला आता उभं राहून विचारावं लागे. मग तिनं जाणंच सोडलं.

आणि घरी बसूनही हात दमतच राहिला. हे इस्माईलभाईंना समजेना. माणूस मनानं वाईट नव्हता, पण कष्टाशिवाय थकवा त्यांच्या हिशेबात बसत नव्हता. "दमायला आदी काम लागतं," ते एकदा माझ्यासमोरच म्हणाले. "आता काय काम करती ही? निस्ती बसून ऱ्हाती." हातातला पितळी तांब्या तिनं खाली ठेवायला नेला आणि तो मधेच सुटून घरंगळत गेला. दोघंही त्याच्याकडे बघत राहिले. कोणी उचलला नाही.

तेल झालं, लेप झाला, दर्ग्यावरचा धागा मनगटात आला. जवळच्या डॉक्टरनं अशक्तपणा आहे म्हणून ताकदीची इंजेक्शनं टोचली. पावसाळा संपता संपता मला एक गोष्ट दिसली. तिच्या अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा होता, ज्यानं हजारो हात दाबले, तो सपाट झाला होता. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये खळगा पडला होता. आणि दंडावरची कातडी आतून फडफडत होती, सारखी, आत काहीतरी जिवंत अडकल्यासारखी. मी इस्माईलभाईंना दुकानात जाऊन सांगितलं, हिला पुण्याला न्यायला हवं. ते पाना हातात धरून नुसते बसले. मग म्हणाले, "तुमी जावा तिच्यासंगं. मला तितलं काय कळायचं न्हाई. आन्… मला भ्या वाटतंय."

पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यात नसांच्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो. चष्मा लावलेले, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी तिच्या गुडघ्यावर, कोपरावर लहानशी हातोडी मारून पाहिली. पाय दचकून वर उडाला तशी ती घाबरली. सुई टोचली, कळतं का विचारलं. सगळं कळत होतं. गरम, थंड, टोक, बोथट, सगळं. डोळे मिटायला लावून हातात किल्ली दिली तर किल्ली म्हणाली, नाणं दिलं तर नाणं. विद्यार्थ्यांचा घोळका भोवती जमला, ती फडफडणारी कातडी वाकून वाकून बघू लागला. मैमूनाबी पदर सावरायला गेली, तर बोटांना पदर धरवेना. शेवटी तो मी सावरला.

डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं. आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून साध्या शब्दांत सांगितलं. "हातात दोष नाही. मेंदूकडून हुकूम निघतो, तो पाठीच्या कण्यातून नसांवाटे हाताला पोचतो. तो पोचवणाऱ्या पेशी मरत चालल्या आहेत. ज्या उरल्यात त्यांच्यावर सगळा भार पडतो, म्हणून हात लवकर दमतो. हुकूमच येईनासा झाला की मांस वाळतं." मी विचारलं, वयामुळे? ते म्हणाले, "वय झालं की थोडं सगळ्यांचंच असं होतं. म्हातारी माणसं दमतात, त्यात बऱ्याचदा स्नायूंपेक्षा नसांचा वाटा मोठा असतो. पण ते हळूहळू. हे तसं नाही." औषध? त्यांनी मान हलवली. मग काय होणार, हे त्यांनी क्रमानं सांगितलं. दुसरा हात, पाय, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. "डोकं शाबूत राहील," ते म्हणाले. हे चांगलं म्हणून सांगितलं की वाईट म्हणून, ते मला त्यांच्या आवाजावरून कळलं नाही.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. दापोडी मागे पडली. मग म्हणाली, "काय म्हनला डाक्टर? खरं सांगा. घरच्यांस्नी वाटंल ते सांगू, मला खरं सांगा."

मी सांगितलं. हात चांगले आहेत, वरून निरोप पोचत नाही.

तिनं मांडीवरच्या उजव्या हाताकडे बघितलं. "म्हंजे ह्यो वाट बघत बसलाय व्हय?… आन् आमी त्याला शिव्या देतोय." थोड्या वेळानं डावा हात वर धरला, खिडकीतल्या उजेडात उलटा-सुलटा करून पाहिला. "आन् ह्यो?"

तिनं तो हात परत मांडीवर ठेवला, उजव्यावर.

इस्माईलभाईंना आम्ही अर्धंच सांगितलं. पण डावा हात गेला, आणि मग चालताना उजवा पाय घासायला लागला, चप्पल पायातून गळून मागेच राहायला लागली, तेव्हा त्यांना सांगायला काही उरलं नाही. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून कामचुकारपणाचा शब्द मी ऐकला नाही. पुढल्या वर्षी शैला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. ती आत्याला न सांगता, रिक्षा करून आकुर्डीला आली. मी तेव्हा तिथेच होते. मैमूनाबीसमोर बसून तिनं दोन्ही हात पुढे केले. "बी, सातव्याच्या बांगड्या तुमच्याच हातून भरायच्यात." मैमूनाबीचे हात तेव्हा मनगटापासून लोंबत असत. तिनं ते दोन्ही कसेबसे सरकवत शैलाच्या हातावर आणले, नुसते टेकवले. डोळे मिटले. "सुजलेत हात," म्हणाली, जड जिभेनं, "एक माप मोठं लागंल." मग शहनाजला हाक मारली. शहनाजनं भरल्या. आईच्या हातची सफाई तिच्यात नव्हती, शैलाला दुखलं असणार, पण ती हूं की चूं करत नव्हती. आईचे हात तेवढा वेळ शैलाच्या कोपराशी टेकलेले होते. शैला गेल्यावर मैमूनाबी रडली. तिच्या आजारात मी तिला रडताना पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा.

पुढे तर रडणंही तिच्या ताब्यात राहिलं नाही. या आजारात कधी कधी हसण्या-रडण्यावरचा लगाम सुटतो, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळलं. इस्माईलभाईंचे थोरले भाऊ वारले. दोघा-तिघांनी धरून तिला मयताच्या घरी नेलं. बायका आक्रोश करत होत्या आणि मैमूनाबीला हसू फुटलं. मोठमोठ्यानं, थांबेचना. पदरात तोंड लपवायला हात वर येईनात. जाऊबाई तिच्याकडे बघत राहिली, मग ओरडली, "काढा हिला हितनं!" मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. हसणाऱ्या तोंडावर ते डोळे भीतीनं विस्फारलेले होते. जिवंतपणी कोणावर असं आपल्याच तोंडाला परकं व्हायची वेळ येऊ नये. मी नंतर त्या घरी जाऊन जाऊबाईंना समजावून सांगितलं, नसांचा आजार आहे, तिच्या हातात नाही. त्या म्हणाल्या, "हसू बी नसांनी येतंय व्हय?" त्यांनी ते मनातून काढलं नाही. मैमूनाबी गेली त्या दिवशीसुद्धा त्या आल्या नव्हत्या.

शहनाज तेव्हा औषधाच्या कारखान्यात बाटल्या भरण्याच्या खात्यात कामाला होती. काचेचा तुकडा पडेल म्हणून तिथे बायकांना बांगड्या घालू देत नसत. मणियाराची लेक मोकळ्या हातांनी कामावर जायची, आणि त्याचं मैमूनाबीला पूर्वी हसू यायचं. शहनाजला कायम करण्याची वेळ जवळ आली होती. पण घरात आईला भरवायचं कोणी, उठवायचं कोणी? रजा संपल्या, आणि एक दिवस तिनं कामावर जाणं बंद केलं. आईला त्याचा अर्थ कळला. तिनं तोंड मिटून घेतलं.

दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही, म्हणून शहनाज मला बोलवायला आली. मी गेले तेव्हा ती भात कालवून बसली होती, आणि आईचे ओठ बंद. मी म्हटलं, बी, असं करू नका. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचं बोलणं तेव्हा नाकातून यायचं, निम्मे शब्द विरघळून जायचे. मी कान तोंडाशी नेला. "पोरीला… कामावर… धाड." परत तेच. तिसऱ्यांदा तिला श्वास पुरला नाही. शहनाज ताट आपटून म्हणाली, "मग तू मर! मी न्हाई जायची!" आणि भिंतीकडे तोंड करून हुंदके देऊ लागली.

इस्माईलभाई दारात उभे होते, हात ग्रीसनं काळे झालेले. त्यांनी काही न बोलता मोरीवर जाऊन हात धुतले. साबण लावून, नखांतून काळं काढत, पुष्कळ वेळ धुतले. मग येऊन बसले, शहनाजनं आपटलेलं ताट पुढे ओढलं, भात आणखी मऊ कालवला आणि बोटांवर घास घेतला. ज्या माणसानं जन्मात कधी चूल पेटवली नव्हती, त्याचा तो घास मोठा झाला होता. "खा," ते म्हणाले, "उद्यापास्नं पोरगी जाईल. मी हाय हितं." मैमूनाबीनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि तोंड उघडलं.

त्यांनी खरोखर दुकान बंद केलं. येईल ती सायकल घराच्या दारात उलटी करून दुरुस्त करायचे, मधेच उठून आत जायचे. शहनाज कामावर गेली, पण तिच्या जागी दुसरी आली होती. पुन्हा बदली कामगार म्हणून घेतलं तिला, ती अजून बदलीवरच आहे. आणि मैमूनाबी आणखी एक वर्ष जगली. त्या वर्षाबद्दल फार लिहवत नाही. चहात बिस्किट कुस्करून तो दाट केला तर घशाखाली उतरे, नाहीतर ठसका लागून ती निळी पडे. अंग इतकं वाळलं की बांगड्या मनगटावर राहीनात. ज्या हातांत बांगडी चढवायला कौशल्य लागायचं, त्यांतून त्या आपोआप गळून अंथरुणात पडायच्या. शहनाज परत घालायची. शेवटी मैमूनाबीनंच डोळ्यांनी नको म्हटलं. डॉक्टरांनी म्हटलं होतं तसं डोकं शाबूत होतं. शेवटच्या भेटीत मी माझ्या भाचीचं लग्न ठरल्याचं सांगितलं तेव्हा तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून माझ्या हाताकडे गेली आणि तिथेच राहिली. चुड्याचं विचारत होती. मी म्हटलं, बघू, आहे अजून वेळ. तिनं डोळे मिटून घेतले.

ती गेल्यावर तीनेक आठवड्यांनी मी पुन्हा त्या घरी गेले. शहनाज कामावर होती. इस्माईलभाईंनी मला खुर्ची दिली, स्वतः चहा केला. बरा जमतो आता त्यांना. दारात एक सायकल उलटी उभी होती. आम्ही इकडचं तिकडचं बोलत होतो, शाळेबद्दल, नव्या वसाहतींबद्दल. बोलता बोलता ते थांबले, कप खाली ठेवला आणि उठून आतल्या खोलीत गेले. मला वाटलं काही आणायला गेले असतील. अर्ध्या उघड्या दारातून मला ते दिसत होते. खाटेशी वाकले होते. एक हात खाली, कंबर जिथे येईल तिथे, आणि दुसरा खांद्याच्या जागी. मैमूनाबीला कूस बदलता येत नव्हती. ती आखडून कळवळू नये म्हणून ते तिला थोड्या थोड्या वेळानं उचलून वळवत असत, दिवसा आणि झोपेतून उठूनही. खाटेवर नुसती घडी घातलेली वाकळ होती. ते तसेच वाकून राहिले. मग दोन्ही हात हळूच काढून घेतले, कोणी जागं होऊ नये अशा बेतानं, वाकळीची सुरकुती सारखी केली आणि बाहेर आले.

"चहा गार झाला असंल तुमचा," ते म्हणाले. मी नाही म्हटलं. त्यांनी आपला कप उचलला आणि नव्या वसाहतीला पाणी कधी येणार ते विचारलं. मी निघेपर्यंत ते आणखी एकदा उठून आत जाऊन आले.